पाळकीणबाई कामाला जातात

चर्चमध्ये वडिलांच्या नावाच्या संगमरवरी पाटीवरचा पडदा ओढताना थोरल्याचा हात थरथरला. मंडळीला वाटलं, वडिलांच्या आठवणीनं गलबलून आलं असेल. पहिल्या बाकावर बसलेल्या त्याच्या आईला मात्र ती थरथर ओळखीची होती. लहानपणी काही उद्योग करून ठेवला आणि तो अजून उघडकीला आला नाही, की या पोराचे हात असेच व्हायचे. आता तो चाळिशी ओलांडलेला पाळक होता, अंगात पांढरा झगा होता, बापाच्या व्यासपीठावरून बापाच्याच सुरात बोलत होता. पण हात तेच होते.

'काय करून ठेवलंय यानं?' असं मनात म्हणत पाळकीणबाई शेवटच्या गीताला उभ्या राहिल्या.

त्यांना सगळे पाळकीणबाईच म्हणत. नवरा जाऊन वर्ष झालं, पाळकाची जागा मुलाकडे आली, त्या न्यायानं पाळकीणबाई आता सून व्हायला हवी होती. पण लोकांच्या जिभेला लागलेलं वळण सहजी सुटत नाही. सुनेला मंडळी नुसतं 'मॅडम' म्हणे, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटे. नवरा पाळक होईपर्यंत ती हॉस्पिटलच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ते काम सुटलं तेव्हा ती काहीच बोलली नव्हती. तिचं ते काहीच न बोलणं पाळकीणबाईंच्या लक्षात राहिलं होतं.

उपासना सुटल्यावर सगळे चर्चच्या मागच्या पाळकघरात जेवायला जमले. सगळे म्हणजे घरचेच. थोरला, सून, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी मुलगी आणि पाळकीणबाईंच्या नवऱ्याची मोठी बहीण, आत्या. मुलीला घरात हेडबाई म्हणत, कारण लहानपणी ती बाहुल्यांची शाळा भरवून त्यांना ओळीनं कोपऱ्यात उभं करायची. विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर पोचली तरी नाव गेलं नाही. चर्चमध्ये येणं तिनं केव्हाच सोडलं होतं. आज आली होती ती फक्त पप्पांच्या पाटीसाठी, आणि ते तिनं दारातच सगळ्यांना ऐकवलं होतं.

आत्याची गोष्ट उलटी. जन्मभर एकटी राहिली, गायकवृंदाचे झगे आणि वेदीवरची वस्त्रं शिवली, आणि उपासनेला उशिरा येणाऱ्याकडे मान वळवून बघायचा हक्क तिनं जन्मभर स्वतःकडे ठेवला. एका कानानं कमी ऐकू येई, पण कोणत्या, ते आजवर कुणाला नक्की कळलं नव्हतं. ज्या बाजूला नको ते बोलणं चाललेलं असे, तोच कान बंद असायचा.

थोरल्यानं जेवणाआधीची प्रार्थना सांगितली. वडिलांसारखीच लांब. कोंबडीवरचा रस्सा थिजायला लागला तेव्हा कुठे आमेन झालं. पाळकीणबाईंनी डोळे उघडले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आई, आज घाई नको करूस," थोरला म्हणाला. "सावकाश जेव."

"दुपारची शिफ्ट आहे रे."

"नाहीये."

"म्हणजे?"

थोरल्यानं पाव मोडला, पण खाल्ला नाही. "मी बोललोय त्यांच्याशी. तुमच्या त्या सुपरवायझरबाईंशी. म्हटलं, तब्येत साथ देत नाही, आता येणार नाहीत."

'आलं बाहेर,' पाळकीणबाईंच्या मनात आलं. त्यांनी चमचा ताटात ठेवला. "कुणाची तब्येत?"

"तुझी."

"मला काय धाड भरलीय?"

"आई, सांगायला काहीतरी हवं ना."

"म्हणजे खोटं बोललास. आणि त्यानंतर आज सकाळी व्यासपीठावर चढलास."

हेडबाईनं खुर्ची पुढे ओढली. भांडणाचा वास आला की तिच्या अंगात तरतरी यायची. "दादा, हे फार होतंय. तिला विचारलंस तरी का? ती काय तुझ्या मंडळीतलं हार्मोनियम आहे, इथून उचललं, तिथे ठेवलं?"

"तू मधे पडू नकोस, हेडबाई. तुला चार लोकांत तोंड दाखवायचं नसतं. मला दर रविवारी दाखवायचं असतं."

मग त्यानं एकेक करून सगळं काढलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एकाची बायको हॉस्पिटलात दाखल होती. तिनं तळमजल्यावर पाळकीणबाईंना बघितलं. डोक्याला फडकं, हातात रबरी मोजे, आणि मळक्या चादरींची ढकलगाडी ढकलत चाललेल्या. त्या बाईला इतका धक्का बसला म्हणे, की रक्तदाब पुन्हा वर गेला. मंडळीत कुजबुज सुरू झाली. पाळकाला आईला दोन घास घालता येत नाहीत का? ज्यांनी एवढी वर्षं मंडळीची सेवा केली, त्यांच्या बायकोवर दुसऱ्यांची घाण उपसायची पाळी यावी? आणि तीही रविवारी, प्रभूच्या दिवशी?

"वडीलजनांची सभा झाली," तो म्हणाला. "त्यांनी फार प्रेमानं विचार केला, आई. महिला मंडळाचं अध्यक्षपद तुला द्यायचं ठरलंय. पुढच्या रविवारी जाहीर करायचंय. मान राहील, सेवाही होईल. तुलाही देवाच्या कामात राहिल्यासारखं वाटेल."

"आणि आत्ता मी कुणाच्या कामात आहे?"

सून ताटातल्या बटाट्याचे बारीक बारीक तुकडे करत होती. ते खायचे आहेत, हे बहुधा विसरूनच गेली होती.

"मी सांगते," हेडबाई म्हणाली. "आईचं वय बघा. नवरा गेला, घर रिकामं वाटतं. तिला माणसांत मिसळायला मिळतं, हातपाय हलतात, वेळ जातो. डॉक्टरसुद्धा हेच सांगतात. यात देव कशाला आणायचा? ते एक काम आहे. करू दे तिला."

मुलगी आपल्या बाजूनं बोलतेय हे पाळकीणबाईंना दिसत होतं. गप्प बसल्या असत्या तर दोघी मिळून थोरल्याला भारी पडल्या असत्या. पण ती बाजू त्यांची नव्हती.

"वेळ घालवायला नाही जात मी," त्या म्हणाल्या.

"आई, मी तुझ्याच बाजूनं..."

"कळतंय मला. पण वेळ जायला घरात रेडिओ आहे. मी तिथे प्रार्थना करायला जाते."

हेडबाईचा चेहरा दार लागावं तसा मिटला. तिनं पाण्याचा पेला उचलला आणि पुढचा बराच वेळ ती पाणीच पीत राहिली.

थोरल्याला मात्र तेवढाच आधार सापडला. "प्रार्थना ना? मग ती इथे कर की. चर्चचं दार चोवीस तास उघडं आहे तुला. किल्लीसुद्धा तुझ्याकडे आहे."

"इथे होत नाही."

"काय होत नाही?"

"प्रार्थना. तुझे पप्पा गेल्यापासून."

हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलंही नव्हतं. पण आता तोंडातून गेलंच होतं, आणि अर्धवट सोडलेलं बोलणं जास्त दुखतं, हे संसारात त्या शिकल्या होत्या. म्हणून त्या पूर्ण बोलल्या.

नवरा आजारी पडला तेव्हा हॉस्पिटलातल्या स्टुलावर बसून त्यांनी जितकं मागितलं, तितकं आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. सगळी मंडळी मागत होती. तो गेला. त्यानंतर त्या बाकावर बसत, डोळे मिटत, ओठ हलवत. पण येणारा प्रत्येक शब्द नवऱ्याचा असे. त्याची वाक्यं, त्याचे आवंढे, त्याचं 'हे दयाळू पित्या'. आपला स्वतःचा असा एकही शब्द आपल्याकडे नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. नवरा बोलायचा, त्या आमेन म्हणायच्या, आणि त्या आमेनलाच आपली प्रार्थना समजायच्या. आता बोलणाराच उरला नव्हता, मग आमेन कशाला म्हणायचं?

"मग पप्पांच्या कुबड्या परत करायला मी हॉस्पिटलात गेले. दार चुकले आणि तळमजल्यावर उतरले. एवढी वाफ, की समोरचं माणूस दिसेना. आणि त्या वाफेला एक वास होता. पप्पांच्या पलंगावर रोज सकाळी घालायच्या ना, त्या चादरींचा. मी तिथेच भिंतीला टेकले. इतके दिवस मी देवाला हाका मारत होते, उत्तर नाही म्हणून आतल्या आत रुसले होते. आणि कुणीतरी रोज, न चुकता, माझ्या नवऱ्याच्या अंगाखाली स्वच्छ चादर पाठवत होतं. मी त्या बाईचं तोंड पाहिलं नव्हतं, तिनं माझं पाहिलं नव्हतं. माणसं हवीत अशी पाटी दारावर होती. मी आत गेले."

"आणि लगेच देव भेटला," हेडबाई पेल्याच्या आडून म्हणाली.

"छे. लगेच कंबर धरली," पाळकीणबाई म्हणाल्या, आणि सून खुदकन हसली. मग तिनं मान खाली घातली. "कित्येक दिवस नुसती दमून येत होते. एकदा इस्त्रीच्या रोलरवरून निघालेली चादर घडी घालत होतो, मी आणि एक उंच बाई आहे, तिला तिथे शिडी म्हणतात, ती. गरम चादर होती. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. आणि माझ्या तोंडातून आपोआप आलं, ज्याच्या अंगाखाली ही जाईल, त्याला आज झोप लागू दे. एवढंच. त्यात दयाळू पिता नव्हता, काही नव्हतं. ते माझं होतं. तेव्हापासून एकही चादर मी मुकी घडी घातलेली नाही."

थोरल्याचा चेहरा लाल झाला होता. आईच्या बोलण्यात त्याला एकच गोष्ट ऐकू आली होती, आणि ती त्याला लागली होती.

"म्हणजे मी जे सकाळी बोललो, दर रविवारी बोलतो, ते सगळं तुला..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि दुसरं पकडलं. "आई, सेवा आणि मजुरी यांत फरक असतो. देवाचं पाचारण ही वेगळी गोष्ट आहे. प्रत्येकानं उठावं आणि आपल्या धुण्याभांड्यांना पाचारण म्हणावं, असं नसतं ते."

"तू दर वर्षी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्यावर बोलतोस."

"हो, मग?"

"तुझे पप्पाही बोलायचे. पाणी, घंगाळ, पाय, नम्रता, सगळं सांगायचे. प्रभूनं कमरेला रुमाल बांधला आणि बारा जणांचे धुळीनं माखलेले पाय पुसले. मी दर वर्षी बाकावर बसून एकाच गोष्टीचा विचार करायचे. तो रुमाल नंतर कुणी धुतला?"

आत्यानं हुंकार दिला. आतापर्यंत तिचा बंद कान टेबलाकडे होता. आता तिनं खुर्चीसकट स्वतःला वळवलं.

"मला एक सांग," ती पाळकीणबाईंना म्हणाली. "रविवारीच का? बाकीचे वार काय ओस पडलेत?"

"ताई, रविवारी कामाला बायका कमी येतात. चादरी काही कमी येत नाहीत."

आत्यानं हे उत्तर बराच वेळ चघळलं. तिला ते आवडलं नव्हतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण खोडून काढायलाही काही सापडत नव्हतं, आणि असं तिच्या बाबतीत फारसं होत नसे.

थोरला उठून उभा राहिला. टेबलाशी बसून हरतोय असं वाटलं की त्याचे वडीलही असेच उभे राहत.

"आई, मी हात जोडून सांगतोय. मला ही मंडळी चालवायची आहे. पप्पांची पाटी लागली त्याच दिवशी त्यांची बायको धुलाईघरात, हे लोक विसरणार नाहीत. हे पाळकघर आहे. इथे राहायचं, तर काही गोष्टी पाळाव्या लागतात."

वाक्य बाहेर पडलं आणि त्यालाही ते ऐकू आलं. सुनेच्या हातातली सुरी थांबली. हेडबाईनं पेला खाली ठेवला आणि भावाकडे असं बघितलं, की लहानपणी बाहुल्यासुद्धा त्या नजरेनं कोपऱ्यात गेल्या असत्या.

"तसं म्हणायचं नव्हतं मला," थोरला म्हणाला.

"तसंच म्हणायचं होतं," पाळकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि बोललास ते बरं केलंस. मला कितीतरी दिवस ते भिंतींतून ऐकू येत होतं. घर पाळकाचं आहे, खरंच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा पाळकाची बायको म्हणून आले, नंतर पाळकाची आई म्हणून राहिले. आता मी कपडे धुणारी आहे. जागा शोधते."

"माझ्याकडे चल," हेडबाई लगेच म्हणाली. "आजच. तुझी खोली तयार आहे."

"तुझ्याकडे येईन गं, पण पाहुणी म्हणून. तुझ्या घरून हॉस्पिटलला दोन बस बदलाव्या लागतात. आणि तू मला रोज विचारशील, दमलीस का."

हेडबाईला हसू आलं आणि रडूही आलं. ती दोन्ही आवरत होती तेवढ्यात आत्या म्हणाली, "माझं घर हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आहे. शिवणाची खोली रिकामीच असते. मशीन सरकवलं की पलंग बसेल."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"बघता काय असे? मला यातलं काही पटलेलं नाही," आत्या ठसक्यात म्हणाली. "प्रभूचा दिवस तो प्रभूचा दिवस. सकाळची उपासना चुकवलेली मी खपवून घेणार नाही, हे आत्ताच सांगते. पण भावाच्या बायकोला घर नाही असं कुणी म्हटलं, तर ते मी मरेपर्यंत ऐकून घेणार नाही. दोन्ही कानांनी."

पाळकीणबाई उठल्या. ताट उचलून मोरीत ठेवलं, आणि सवयीनं नळ सोडणार तोच सुनेनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, आई. तुमची बस चुकेल." मग आवाज खाली आणत ती म्हणाली, "सामान मी बांधून ठेवते. संध्याकाळी मीच आणून देईन आत्यांकडे. आणि आई, मलाही तिकडे यायचंच आहे एकदा. तिसऱ्या मजल्यावर, लॅबमध्ये. माझी जागा अजून भरलेली नाही म्हणतात."

"त्याला सांगितलंस?"

"आज रात्री सांगेन. आज नाही सांगितलं, तर पुन्हा जमणार नाही मला."

पाळकीणबाईंनी तिच्या ओल्या हातावर एक थाप मारली आणि पिशवी खांद्याला अडकवली.

थोरला फाटकाशी उभा होता. झगा काढला होता. नुसत्या शर्टात तो बापासारखा दिसत नव्हता. त्यांच्या मुलासारखा दिसत होता.

"गाडीनं सोडतो तुला," तो म्हणाला.

"नको. तू मला सोडायला आलास, तर वाटेत पुन्हा समजूत घालशील. मी ऐकणार नाही, आणि आपलं दोघांचं डोकं दुखेल."

मग जमिनीकडे बघत त्यानं विचारलं, "माझ्या उपदेशातही काहीच होत नाही का गं तुला? खरं सांग."

एक गोड खोटं जिभेवर तयार होतं. पाळकाच्या घरात अशी बरीच लागतात, त्यांनीही वर्षानुवर्षं पुरवली होती. आज त्यांनी ते गिळलं.

"नाही रे. तू पप्पांच्या तोंडानं बोलतोस. मी ज्यातून बाहेर आले, तिथेच तू अजून उभा आहेस. ज्या दिवशी स्वतःच्या तोंडानं अडखळत का होईना बोलशील, त्या दिवशी मला बोलाव. शिफ्ट बदलून येईन." त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. "आणि रोज तुझ्यासाठी मागते मी. तिथे. डॉक्टरांचा पांढरा कोट धुवायला आला की तुझी आठवण येते."

फाटक त्यानंच उघडलं, आणि बस वळेपर्यंत तिथेच उभा राहिला.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर वाफ तशीच होती. मोठी पिंपं फिरत होती, रोलरमधून चादरी सपाट होऊन निघत होत्या. शिडीसमोर घडीच्या टेबलाशी दुसरीच एक बाई उभी होती. शिडीनं लांबूनच पाळकीणबाईंना बघितलं आणि खांदे उडवले, माझा काही इलाज चालला नाही, अशा अर्थानं.

सुपरवायझरला सगळ्या शिट्टी म्हणत, कारण मशीनच्या आवाजात ती माणसांना शिट्टी वाजवूनच बोलवायची. तिनं पाळकीणबाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमची तब्येत बरी नाही ना? मुलगा म्हणाला तुमचा. पाळक आहेत म्हणे ते."

"मुलगा पाळक आहे माझा," पाळकीणबाई म्हणाल्या, "मालक नाही."

शिट्टीच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसणं तिला परवडत नसे. "ते तुमचं तुम्ही बघा. पण मी रोलरवर दुसरी बाई घेतली. तिला आता काढणार नाही, ती गरजू आहे. माझ्याकडे फक्त मळक्याच्या खोलीत जागा आहे. तिथे कुणी टिकत नाही. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मला पुढे शोधायला बरं."

मळक्याची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. वॉर्डांमधून बांधून आलेली गाठोडी तिथे उघडायची, रक्ताची वेगळी, उलटीची वेगळी, लघवीची वेगळी करायची. गरम चादरी नाहीत, समोर टोकं धरायला माणूस नाही, सुवास तर नाहीच नाही. इतके दिवस त्या जिथे उभ्या राहून बोलल्या होत्या, तो स्वच्छ चादरींचा कोपरा होता. हे गाठोडं वेगळं होतं. इथेही बोलता येईल का, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"जमेल," त्या म्हणाल्या.

त्यांनी डोक्याला फडकं बांधलं, तोंडाला पट्टी लावली, रबरी मोजे कोपरापर्यंत चढवले आणि दार लोटून आत गेल्या. गाठोड्यांचा ढीग कमरेइतका होता. वास पट्टीतूनही आत आला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एक क्षण हात मागे दाराकडे गेला. मग त्यांनी तो परत आणला, पहिल्या गाठोड्याची दोरी सोडली आणि वरची चादर उचलली. लहान होती, मुलांच्या वॉर्डातली. मधोमध भिजलेली, आणि एका कडेला दातांनी चावून चावून चुरगळलेली.

पाळकीणबाईंनी ती दोन्ही हातांनी समोर धरली.

"कुणाची आहेस गं तू?" त्या म्हणाल्या, आणि त्यांची प्रार्थना सुरू झाली.